पाहून आलेला आवाज

पळसगावात माणूस दोनदा मरायचा. एकदा घरी आणि दुसऱ्यांदा निजामभाईंच्या रिक्षावर. पहिलं मरण खाजगी. घरच्यांनी रडावं, डॉक्टरने कागदावर सही करावी. गाव ते जमेत धरत नसे. रिक्षाच्या टपावरच्या दोन कर्ण्यांमधून "कळविण्यास अत्यंत दुःख होते की" एवढे शब्द बाहेर पडले, की मगच दुकानांची शटरं अर्ध्यावर यायची, बायका गॅस बंद करायच्या आणि केरू फुलवाला हारांच्या दोऱ्याला हात घालायचा. मनमाडला रेल्वेत असलेल्या एका जावयाला बायकोने रडत फोन केला की बाबा गेले, तर त्या गृहस्थाने आधी विचारलं, "निजामभाई फिरले का?" त्यात सासऱ्यावरचा राग किती आणि निजामभाईंवरचा विश्वास किती, हा प्रश्न वेगळा.

निजाम पिंजारी यांची अंगकाठी अशी, की कर्णा आणि माणूस शेजारी ठेवले तर कर्णा अंगाने भरलेला वाटावा. बाप गावोगाव गाद्या पिंजत फिरायचा. फोमच्या गाद्या आल्या, पिंजण माळ्यावर गेली आणि निजामने माइक धरला. त्या गोष्टीला आता तीस-एक वर्षं होत आली. उद्या पाणी येणार नाही, कांद्याचे लिलाव बंद राहतील, काळ्या रंगाची एक शेळी हरवली आहे, ईदची नमाज अमुक वाजता, गणपतीची मिरवणूक तमुक रस्त्याने, सगळं निजामभाईच सांगायचे. निवडणुकीत सकाळी ते एका पॅनेलला 'एकमेव पर्याय' म्हणायचे आणि दुपारी जेवून आले की दुसऱ्याला. त्यात कोणालाच काही वावगं वाटत नसे. प्रचार तो प्रचार. लग्नातल्या उखाण्याला कोणी पुरावा मागतं का?

मयतीचं मात्र तसं नव्हतं. मयत हिंदूची असो की मुसलमानाची, निजामभाई आधी त्या घरी जायचे. चपला बाहेर काढून आत जायचे, पायाशी क्षणभर उभे राहायचे, आणि मग येऊन माइक हातात घ्यायचे. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक शब्द नाही. एकदा बाजारपेठेतल्या एका म्हातारबुवांना घरच्यांनी गेले म्हणून खाली काढून ठेवलं होतं, आणि निजामभाई पायाशी उभे असताना त्यांचा अंगठा हलला. म्हातारबुवा पुढे बरीच वर्षं जगले आणि "त्या निजामने अडवलं, नाहीतर सुटलो होतो" म्हणून चिडत राहिले. पण त्या दिवसापासून गावाने मनाशी ठरवून टाकलं, की निजामभाई बोलले म्हणजे पाहून आलेत.

यंदा नगरपंचायतीची निवडणूक ऐन थंडीत आली. निफाडकडची थंडी म्हणजे द्राक्षाच्या बागेत रात्री शेकोट्या लावाव्या लागतात अशी. तिने पहिला हात घातला तो निजामभाईंच्या घशावर. नाशिकच्या डॉक्टरने घशात दिवा घालून पाहिलं आणि फर्मावलं, "बोलायचं नाही." निजामभाई त्यावर अर्धा तास बोलले. बाहेर येऊन मात्र गप्प झाले. प्रचाराचे दिवस तोंडावर, आणि बोलायचं नाही म्हणजे करायचं काय?

तोडगा काढला शेखरने. शेखरचं बसस्टँडसमोर फ्लेक्सचं दुकान. वाढदिवसाचे, दशक्रियेचे, पक्षप्रवेशाचे फलक तो एकाच मशीनवर छापायचा आणि कधीकधी घाईत फोटोंची अदलाबदलही करायचा.

"चाचा, तुम्ही घरी बसा, हुलग्याचं कढण प्या," शेखर म्हणाला. "तुमचा आवाज मी कॉम्प्युटरला शिकवतो. मग लिहून दिलं की तो बोलेल. तुम्हाला तोंड उघडायला नको."

"आणि मला पैसे?"

"ते तुम्हालाच. आवाज कोणाचाय?"

एका दुपारी शेखरने त्यांना दुकानाच्या आतल्या खोलीत बसवलं, पंखा बंद केला आणि हातात वर्तमानपत्र दिलं. "काहीही वाचा. बस बोलत राहा." निजामभाईंना समोर कागद आला की अडखळायला व्हायचं. दोन बातम्यांत तीनदा ठेचकाळल्यावर त्यांनी पेपर बाजूला ठेवला, डोळे मिटले आणि जे तोंडपाठ होतं ते सुरू केलं. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की…" गावातली गेल्या कित्येक वर्षांतली मेलेली माणसं त्यांनी आळीआळीने घेतली. आडनावं, वस्त्या, अल्पशा आजाराने, वृद्धापकाळाने, हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने, अंत्ययात्रा राहत्या घरातून निघेल. घसा बसलेला, तरी बोलण्यात कुठे खळ पडला नाही. शेखर खूष झाला. कॉम्प्युटर तर त्याहून.

परिणाम एवढाच झाला, की पहिले दोन दिवस प्रचाराच्या रिक्षा गावात फिरल्या तेव्हा "आपले लाडके उमेदवार अण्णासाहेब यांना प्रचंड बहुमताने विजयी करा" हे वाक्य ऐकून बाजारपेठेत तिघांनी टोप्या काढल्या. अण्णासाहेब स्वतः फोन करून ओरडले, "अरे शेखर, मला निवडून आणतोस का पोचवतोस?" शेखरने कसलीशी बटणं फिरवून आवाजात जरा आनंद मिसळला. मग सगळ्यांनाच तो आवाज हवासा झाला. दोन्ही पॅनेल, झाडून सगळे अपक्ष, सगळ्यांच्या पेन ड्राइव्हवर निजामभाई. एकाच चौकात चार रिक्षा समोरासमोर यायच्या आणि चार निजाम एकमेकांना पाडा म्हणून सांगायचे. खरे निजामभाई ओट्यावर मफलर गुंडाळून बसायचे आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला खुणेने सांगायचे, तो मीच.

त्यांची बायको सलिमा म्हणायची, "हाच बरा आहे. खोकत नाय, बिडी मागत नाय."

फक्त झुंबरबाई डेर्ले तेवढ्या नाही म्हणाल्या. झुंबरबाई साठीला टेकलेल्या, अपक्ष, निशाणी कढई. मळ्याकडच्या वॉर्डात गटारीचं पाणी रस्त्यावरून वाहायचं, ते त्यांनी एकदा बादलीत भरून नगरपंचायतीच्या कचेरीत नेऊन ओतलं होतं. तेव्हापासून त्यांचं नाव झालं आणि कचेरीत झुंबरबाई दिसल्या की शिपाई आधी पंख्याखालचे कागद उचलायचा. डेर्ल्यांची भाऊकी मोठी, त्या भाऊकीच्या जोरावर बाई निवडून येणार हे विरोधकसुद्धा खासगीत कबूल करायचे.

"मला ते मशीन नको, निजामभाई," त्या म्हणाल्या. "मला खोकणारा निजाम पायजे. लोकास्नी कळू दे, मानूस राबतोय."

"डॉक्टरने बोलायचं नाय सांगितलं, बाई."

"मंग कमी बोला. माझ्याबद्दल सांगन्यासारखं हाय तरी किती?"

म्हणून निजामभाई त्यांच्यासाठी स्वतः फिरले. घसा पार फाटला. शेवटच्या दिवशी आवाज असा निघत होता, की 'कढई' म्हटलेलं लोकांना निशाणीच्या चित्रावरून समजून घ्यावं लागलं.

प्रचार संपला. मधला दिवस निजामभाईंनी गरम पाण्याच्या गुळण्या करण्यात घालवला. मतदानाच्या दिवशी सकाळी ते चहा पीत असताना सलिमा फोन घेऊन दारात आली आणि त्यांच्याकडे विचित्र नजरेने बघत उभी राहिली.

"तुम्ही पहाटे कधी गेलात बाहेर?"

"कुठे?"

तिने फोन पुढे केला. गावच्या ग्रुपवर कोणीतरी ध्वनिफीत टाकली होती. निजामभाईंनी कानाला लावली. "सर्व ग्रामस्थांना कळविण्यास अत्यंत दुःख होते की, डेर्ले मळा येथील रहिवासी, आपल्या प्रभागाच्या उमेदवार श्रीमती झुंबरबाई डेर्ले यांचे आज पहाटे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने दुःखद निधन झाले असून, त्यांची अंत्ययात्रा आज सकाळी अकरा वाजता राहत्या घरातून निघेल." मागे रिक्षाचं इंजिनसुद्धा धडधडत होतं.

निजामभाईंनी ती पुन्हा ऐकली. मग आणखी एकदा. कुठेतरी एखादा शब्द आपला नाही असं निघावं म्हणून ते कान देऊन शोधत होते. 'दुःखद'च्या आधी श्वास घ्यायची त्यांची सवय, ती होती. 'राहत्या घरातून' म्हणताना आवाज खाली आणायचा, तो आणलेला होता. तरुणपणी बाईंबद्दल त्यांना असं सांगायची वेळ आली असती तर ते हुबेहूब असंच बोलले असते. घसा तेवढा शेखरच्या बटणांनी मोकळा करून दिलेला होता.

"मी नाय बोललो हे," ते म्हणाले.

सलिमा खाली बसली. तीस वर्षं ह्या माणसाचा आवाज तिने भिंतीपलीकडून ओळखला होता. "अजी, खरं सांगा," ती हळूच म्हणाली. "कोणी सांगून म्हणवून घेतलं का? मी कोणाला नाही बोलणार."

निजामभाईंना त्या क्षणी जे लागलं ते पुढे गावाने केलेल्या कशानेही लागलं नाही. ते उठले, सायकल काढली आणि डेर्ले मळ्याकडे निघाले. मयतीचं म्हटलं की आधी जाऊन पाहायचं, एवढंच त्यांना त्या घटकेला सुचलं.

मळ्यात गर्दी जमली होती. अख्खी भाऊकी. खांद्यावर पांढरे टॉवेल, बायकांचे पदर तोंडाला, मधोमध बांबू आणि कडबा येऊन पडलेला, केरूने हाराची पाटी आणलेली. नव्हती ती फक्त मयत. घराला कुलूप होतं. कुलूप असणारच, कारण झुंबरबाई, त्यांचा मुलगा आणि सून पहाटेपासून मतदान केंद्रावर होती, आणि आत मोबाइल नेऊ देत नाहीत म्हणून तिघांचेही फोन त्या कुलपाच्या आत वाजत होते. फोन वाजतो, कोणी उचलत नाही, दाराला कुलूप. भाऊकीने त्याचा अर्थ आपल्या परीने लावला होता.

"नाशिकला सिव्हिलला नेलं असंल," एक जण म्हणाला. "पोस्टमार्टेम करत्यात आजकाल."

"मतदानाला जाऊन यायचं का तवर?"

"दारात मयत असताना बोटाला शाई लावतो का? लाज हाय का? आधी मयत, मंग मत."

"आन् मत देनार कोनाला? बाईच नाय ऱ्हायली."

निजामभाईंना पाहून गर्दीने वाट करून दिली. झुंबरबाईंची जाऊ विमलाबाई रडत पुढे आली. "निजामभाई, तुमी पाह्यलं ना पहाटं? चेहरा कसा व्हता हो बाईंचा?"

"विमलाबाई, मी आलोच नव्हतो. मी काही बोललो नाही. ते मशीन आहे."

विमलाबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं आणि डोळे पुसत शेजारणीला म्हणाल्या, "धसका घेतलाय त्यांनी. लय जीव व्हता बाईंवर."

"अहो, मला कोणी पाहिलं का इथे? कोणाला रिक्षा दिसली?"

"रिक्षा कशाला पायजे दिसायला? आवाज ऐकला ना आमी," एक म्हातारा रागावून म्हणाला. "निजामभाई, तुमी पाह्यल्याबिगर बोलत नाय, हे आमाला शिकवता का?"

याच्यापुढे वाद घालणं म्हणजे स्वतःच्याच अब्रूविरुद्ध साक्ष देणं होतं. निजामभाईंनी सायकल वळवली.

मतदान केंद्र शाळेत. शाळेपासून ठरवून दिलेल्या अंतरावर उमेदवारांची टेबलं होती आणि एका टेबलाशी झुंबरबाई डेर्ले, उन्हाला पाठ करून, आपल्या मुलाला झापत होत्या. "सकाळधरनं आपल्या मळ्याकडचं एक मानूस नाय आलं. झोपलेत का मेलेत समदे?"

"बाई," निजामभाई म्हणाले, आणि पुढे काय बोलावं ते त्यांना कळेना. असली बातमी त्यांनी कधी ज्याची त्यालाच सांगितली नव्हती.

ऐकल्यावर झुंबरबाईंनी आधी मुलाला झापणं थांबवलं. मग म्हणाल्या, "किती वाजताची ठेवलीये?"

"अकराची."

"आन् तुमचाच आवाज?"

"माझाच. पण मी नाय."

झुंबरबाईंनी त्यांच्या तोंडाकडे टक लावून पाहिलं. त्या काय तपासत होत्या कोण जाणे. शेवटी म्हणाल्या, "मंग आता तुमच्याच तोंडानं सांगा. मी टेबल सोडलं तर हितली मतं बी जातील; काढा रिक्षा. झुंबरबाई जित्ती हाय म्हना."

निजामभाईंनी रिक्षा काढली. बसस्टँडपर्यंत पोचले, माइक सुरू केला, "सर्व ग्रामस्थांना" एवढंच म्हणाले आणि हवालदाराने पुढ्यात काठी आडवी घातली.

"चाचा, वेड लागलं का? मतदान चालू आहे. स्पीकर बंद."

"साहेब, प्रचार नाही. एक बाई जिवंत आहे, तेवढंच सांगतोय."

"कोण बाई?"

"झुंबरबाई डेर्ले."

"म्हणजे उमेदवार. मतदानाच्या दिवशी उमेदवाराचं नाव स्पीकरवर घ्यायचं नाही."

"पण ती मेली म्हणून सकाळपासून गावभर चाललंय त्याचं काय?"

"ते फोनवर चाललंय. स्पीकरवर नाही." हवालदार माणूस वाईट नव्हता, त्याने वर फोन लावला. वरच्या साहेबांनी त्यांच्या वरच्यांना विचारतो म्हणून सांगितलं. उमेदवाराने आपण जिवंत असल्याचं जाहीर करणं हे प्रचारात मोडतं किंवा कसे, यावर तासभर कोणी काही लेखी द्यायला तयार होईना. तोवर रिक्षा चौकीच्या आवारात लागली आणि किल्ली साहेबांच्या टेबलावर गेली.

मधल्या वेळात झुंबरबाईंच्या मुलाने एका दुकानदाराचा फोन मागून आणून आईचा व्हिडिओ काढला. "मी झुंबरबाई. मी जित्ती हाय. मला काय बी झालेलं नाय," असं त्या त्यात डोळे वटारून सांगत होत्या. तो ग्रुपवर पडला मात्र, खाली कोणीतरी हात जोडल्याच्या चित्रासकट लिहिलं : 'सावधान! मृत उमेदवाराचा एआयने बनवलेला खोटा व्हिडिओ फिरत आहे. कृपया फसू नका.' मग तो इशाराच सगळीकडे पुढे गेला. खूप शिकलेल्या लोकांनी तर तो दोनदा पाठवला. बाई इतक्या रागाने बोलत होत्या, म्हणूनच तो खोटा वाटतोय, असंही एकाने समजावून सांगितलं.

निजामभाई पायी निघाले. माइक नाही तर नाही, तोंड तर आहे. मळ्याकडच्या आळ्यांत दारोदार उभे राहून ते सांगू लागले, की बाई जिवंत आहेत, शाळेजवळ बसल्या आहेत, मी आत्ता पाहून आलो. पण गावाला जो निजाम ठाऊक होता तो दोन कर्ण्यांतून येणारा, भरदार, गल्लीच्या ह्या टोकापासून त्या टोकापर्यंत पोचणारा. दारात उभा राहून फाटक्या घशाने कुजबुजणारा हा हडकुळा माणूस त्याच्यापुढे अगदीच उसना वाटत होता. एक नवी सून, जिने त्यांना रिक्षाबाहेर कधी पाहिलंच नव्हतं, आत वळून म्हणाली, "आत्याबाई, कोणीतरी निजामभाईंचं नाव सांगून आलंय."

आत्याबाई बाहेर आल्या. त्यांनी ओळखलं. "निजामभाई, सकाळी एक सांगता, दुपारी एक सांगता. आमी कोनचं धरायचं?"

"हे धरा."

"आन् ह्येच कोनी तुमच्याकडून म्हनवून घेतलं नसंल कशावरून? आदल्या आठवड्यात तुमी चार जनांचा प्रचार करत व्हता ना?"

निजामभाई पायरी उतरले. ते पुढच्या दाराशी गेले. काही जणांनी ऐकलं, काही चपला घालून निघाले. काही म्हणाले बघू. मळ्यातली गर्दी दुपार टळल्यावर एकदाची हलली, तीही विमलाबाई स्वतः शाळेपाशी जाऊन जावेला पाहून, आधी किंचाळून आणि मग तिच्या दोन्ही गालांना हात लावून परत आल्यावर. तोवर शाळेबाहेर ओझरच्या कारखान्यातून सुटून आलेल्या लोकांची रांग लागली होती. भाऊकीतले बरेच जण रांगेच्या शेपटाशी पोचले, बरेच जण म्हणाले, आता कुठे.

झुंबरबाई पडल्या. फार नाही, अगदी थोडक्यात पडल्या. अण्णासाहेबांच्या पॅनेलचा माणूस निवडून आला आणि त्याने गुलाल उधळायच्या आधी सर्वांसमक्ष झुंबरबाईंना दीर्घायुष्य चिंतलं.

हे कोणी केलं ते समजलं नाही. शेखर घामाघूम होऊन शपथा घेत होता. आवाज त्याच्या कॉम्प्युटरवर होता, दोन्ही पॅनेलच्या पोरांकडे होता, अपक्षांकडे होता, आणि तिथून तो कुठे कुठे गेला याची मोजदाद कोणाला नव्हती. चौकीत निजामभाईंचा जबाब घेतला. साहेबांनी ध्वनिफीत लावली आणि विचारलं, "हा आवाज तुमचा आहे का?"

"आहे," निजामभाई म्हणाले.

"म्हणजे तुम्ही बोललात."

"नाही."

साहेबांनी पेन खाली ठेवलं. "चाचा, यातलं एक काहीतरी सांगा. दोन्ही कसं लिहू?"

जबाब दोन्ही लिहून घेतला गेला. त्याचं पुढे काय झालं ते कळायला वेळ आहे.

हे सगळं निवळेल असं निजामभाईंना वाटत होतं. गाव विसरतं, विसरायला त्याला रोज नवं काहीतरी लागतं, आणि ते मिळतंही. लोक भेटले की हसायचे, "काय निजामभाई, आज कोणाला पोचवलं?" ते हसून घ्यायचे. घसाही थोडा बरा झाला. सलिमाने त्या सकाळचा विषय पुन्हा काढला नाही. फक्त ते घरात काही बोलले की आताशा ती आधी मान वळवून बघायची.

मग थंडी ओसरता ओसरता केरू फुलवाला गेला. झोपेतच गेला. घरात त्याची नात निकिता एकटी, तिचे आईवडील लग्नकार्याला संगमनेरला गेलेले. तिने निजामभाईंना बोलावलं. ते गेले, चपला काढल्या, पायाशी उभे राहिले. गावातल्या सगळ्या मयतींना हार देणारा माणूस, आणि त्याच्या अंगावर अजून एकही फूल नव्हतं. निजामभाई बाहेर आले, रिक्षा काढली आणि जेवढा म्हणून आवाज होता तेवढा लावून गावभर फिरले.

शटरं उघडी राहिली. लोक दुकानांतून बाहेर येऊन रिक्षाकडे बघायचे, मग हातातल्या फोनकडे. एकाने चालत्या रिक्षाशेजारून पळत विचारलं, "निजामभाई, रेकॉर्ड लावलंय का तुमी हाय आत?" निजामभाईंनी पडदा वर करून तोंड दाखवलं. तो "बरं बरं" म्हणाला, पण दुकानाकडेच गेला.

परत आले तर केरूच्या ओसरीवर मोजकी माणसं. निकिता भिंतीला टेकून बसलेली आणि तिचा फोन सारखा वाजत होता. ती उचलायची, ऐकायची, म्हणायची, "हो. खरंय." ठेवला की पुन्हा वाजायचा. "हो काका, खरंच गेले. हो, मी निकिताच." पोरीला रडायला सवड मिळत नव्हती.

झुंबरबाई सगळ्यांच्या आधी येऊन बसल्या होत्या. निजामभाईंना पाहून त्या सरकल्या.

"तुम्ही ऐकलंत?" निजामभाईंनी विचारलं.

"ऐकलं की."

"आणि आलात."

झुंबरबाईंनी पदर सारखा केला. "खोटं नाय बोलनार. आधी हिला फोन केला." मग जरा वेळाने म्हणाल्या, "राग नका धरू. मी माझ्या सोताच्या मरनाची बातमी ऐकलीये तुमच्या तोंडून."

 निजामभाई उठले, निकिताजवळ गेले आणि तिच्या हातातला फोन काढून घेतला. "जा, आजोबांजवळ बस," ते म्हणाले. "हे मी बघतो."

फोन वाजला. "हॅलो. हो, केरू गेले. मी निजाम."

 पलीकडून एका बाप्याचा सावध आवाज. "निजामभाई? तुमीच का नक्की?"

"मीच रे."

"तसं नाय, पन माझी जरा खातरी… असं सांगा, माझ्या वडलांची मयत तुमीच पुकारली व्हती. तुमी घरी आला व्हता. तवा आमच्या दाराशी काय बांधलेलं व्हतं?"

निजामभाईंनी डोळे मिटले. किती दारं, किती पाय. बैल असेल, शेळी असेल, मांडव असेल. आवाज ओळखीचा होता, घर डोळ्यांसमोर येत होतं, अंगणही येत होतं, दाराशी काय होतं तेवढं येत नव्हतं. ठोकून देता आलं असतं. निम्म्या घरांच्या दाराशी काही ना काही गाय-वासरूच असतं.

"आठवत नाही रे," ते म्हणाले.

 फोन कट झाला.

"येनारेत का?" झुंबरबाईंनी विचारलं.

"माहीत नाही," निजामभाई म्हणाले, आणि फोन पुन्हा वाजला म्हणून त्यांनी घसा साफ केला.